एक जून

राजारामपुरी, सातवी गल्ली, दुसरा मजला.
पिशवीत ब्रँडीची क्वार्टर,
पेपरात गुंडाळलेली, तरी आवाजावरून कळणारी.
ऑर्डरवर नाव : निवृत्ती ज्ञानू चौगुले.
म्हटलं, असतील दुसरे कुणी.

दार उघडायला वेळ लागला.
आधी काठी आली, मग पाय, मग गुरुजी.
मी हेल्मेट काढलं नाही.

"गुडघ्याला चोळायला," ते आपणहून म्हणाले.
जरा थांबून, "आणि दोन चमचे पोटात."
मी म्हटलं, कार्ड बघू आजोबा.
परवाना दाखवला त्यांनी, लॅमिनेशन केलेला,
पण ॲपला तारीख लागते.
ॲपला पांढऱ्या भुवया दिसत नाहीत,
थरथरता अंगठा दिसत नाही,
ॲप विचारतं, पंचवीस पूर्ण आहेत का?

लाईट बिलांच्या पिशवीत कार्ड सापडलं.
एक सहा सत्तेचाळीस.

"तुमचीबी एक जूनच?"
तोंडातून निघून गेलं.

गुरुजी हसले. "आमच्या गुरुजींनी घातली.
आई म्हणायची भुईमूग काढणीचा जन्म,
म्हणजे दिवाळीच्या आसपास कधीतरी.
रजिस्टरात भुईमूग कसा लिहायचा?
मग मीबी तेच केलं, तीस वर्षं.
अर्धा करवीर तालुका एका दिवसात जन्माला घातलाय मी.
हेल्मेट काढ बघू."

काढलं.
आता तपासणी माझी.
डोळे बारीक करून ते बघत राहिले,
कपाळ, कान, हनुवटीवरचा व्रण,
वर्गात पाढे म्हणताना बघायचे तसे.

"मगदूम. चिखलीचा.
तुझी आई पोराला काखेत घेऊन आलेली.
म्हणाली, एकोणनव्वदचा पूर,
पाणी चावडीच्या तिसऱ्या पायरीला होतं तवा झाला.
मी हिशेब केला, चोवीस जुलै.
पाच भरायला दोन महिने कमी.
म्हटलं, वर्ष कशाला वाया घालवा लेकराचं."

त्रेपन्न दिवस.
मला पाठ आहेत.
टेंबलाईच्या मैदानावर सोळाशे मीटर
पाच मिनिटं वीस सेकंदांत धावलो होतो,
अनवाणी, पुढच्याचा चिखल तोंडावर घेत.
साहेबानं दाखला पाहिला, कॅलेंडर पाहिलं,
म्हणाला, नऊ दिवस जास्त झाले तुझे.
पुढं शिरोलीची फाउंड्री, ती बंद पडेपर्यंत.
मग ही पिशवी.

"भरतीला जाणार होतास ना रे? काय झालं?"

"छाती बसली न्हाई, गुरुजी."

"अरेरे," म्हणाले,
आणि माझ्या छातीकडं बघितलं,
जरा जास्तच वेळ.

ओटीपी सांगताना प्रत्येक आकडा त्यांनी सुटा सुटा म्हटला,
मी लिहून घेतोय अशा बेतानं.
वय पडताळलं? हो.
"घोटभर चहा?"
नको, अजून एक ऑर्डर आहे.
जिना उतरताना वरून आवाज आला,
"हेल्मेट घाल."

ती ऑर्डर ताराबाई पार्कात.
पोरगं दारातच उभं, मागं गाण्यांचा धिंगाणा,
मिशी आत्ताच कुठं धीट झालेली.
कार्ड पुढं केलं हसत.
त्याची तारीख दवाखान्यातली,
मिनिटासकट खरी असणार.
पंचवीसला अकरा दिवस कमी.

"दादा, अकराच दिवस हो. कोण बघतंय?"

मी उगाच बोटांवर मोजलं,
एकदा, मग परत एकदा,
जणू मोजून कमी होतात.
पोरगं बोटांकडं बघत होतं, जमेल असं वाटून.

"अकरा दिवसांनी मागव," मी म्हटलं,
"मीच घेऊन येतो."

बाटली दुकानात परत.
येण्याजाण्याचं पेट्रोल माझ्या अंगावर.